जुना खेळ, पण कोणत्या यंत्रावरचा?

कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या घराच्या माळ्यावर आजही १९९०च्या दशकातला 'टीव्ही गेम' सापडेल: एक डबा, दोन रिमोट आणि चार-दोन कॅसेटी. हा डबा बहुधा निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल असे. 'कॅसेट' म्हटलं तरी तिच्यात फीत नसते. असते चिप आणि तिच्यात साठवलेला प्रोग्राम. १९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ ४० किलोबाइटांत मावतो. मोबाइलवरच्या एका फोटोलाही याहून कितीतरी जास्त जागा लागते!

चिपमधला प्रोग्राम संगणकात उतरवून घेता येतो. पण नुसती प्रत मुकी असते. तिच्यातल्या सूचना जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या. आपल्या संगणकाला त्या कळत नाहीत. म्हणून मध्ये एम्युलेटर नावाचा प्रोग्राम लागतो. तो एकेक सूचना वाचतो आणि जुन्या यंत्राने जे केलं असतं तेच करतो. ही कल्पना खेळांसाठी निघालेली नाही. आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मालिकेत, ग्राहकांचे जुन्या संगणकांवरचे प्रोग्राम चालावेत म्हणून ती वापरली होती.

खोपोलीजवळच्या एका शाळेत आम्ही एम्युलेटरवर मारिओ दाखवला. एक शिक्षक म्हणाले, "आमच्या वेळी हा एवढा पळत नव्हता." आम्हाला वाटलं, आठवणीचा घोटाळा! मग विचार केला. या खेळात मारिओचं प्रत्येक पाऊल टीव्हीच्या चित्राशी बांधलेलं असतं. जपानी टीव्हीवर चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा रंगवलं जाई, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ५० वेळा. त्यामुळे पालसाठी बनवलेल्या नकली यंत्रावर तोच खेळ सहाव्या हिश्शाने मंद चाले, संगीतसुद्धा. आम्ही एम्युलेटर ५० वर लावला. सर हसले, "हां, हाच!"

चूक आमची होती. खेळाची प्रत जपली, पण तो इथे कसा खेळला गेला, हे विसरलो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीनुसार अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. मूळ खेळांची ही गत, तर नकली डब्यांची नोंद कोण ठेवणार?

तुमच्या वर्गातल्या मुलांना घरी विचारायला सांगा: कोणता डबा होता, कुठून आणला, कोण खेळायचं? उत्तरं वहीत लिहून ठेवा. एम्युलेटरला यंत्राची नक्कल करता येते. या आठवणी मात्र विचारूनच मिळतील.