लोकाधारित देखरेख व नियोजन (आरोग्यसेवा)

सरकारी दवाखान्यातली सेवा ठरल्याप्रमाणे मिळते की नाही हे ती सेवा घेणाऱ्या लोकांनीच तपासायचे, जे आढळेल ते अधिकाऱ्यांसमोर जाहीरपणे मांडायचे आणि त्यावरून पुढच्या कामाची आखणी करायची, अशी कार्यपद्धती. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा अधिकृत भाग म्हणून ती २००७ मध्ये नऊ राज्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यासाठी पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) हे पाच जिल्हे निवडले गेले. राज्यपातळीवरचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे होता. अनेक राज्यांत प्रायोगिक टप्प्यानंतर हे काम विरले. महाराष्ट्रात ते टिकले आणि आणखी जिल्ह्यांत पसरले.

सरकारी कामावर नजर ठेवण्याच्या जुन्या वाटा आहेतच. वैद्यकीय अधिकारी उपकेंद्राच्या नोंदवह्या पाहतो, तालुका आरोग्य अधिकारी त्याच्याकडून अहवाल घेतो, भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणजे कॅग हिशेब तपासतात आणि त्यांचा अहवाल लोकलेखा समितीपुढे जातो. या वाटांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांची नोंद एकाच मोबाइल क्रमांकावर झाली आहे आणि तो क्रमांक म्हणजे दहा वेळा नऊ आहे, हे कॅगनेच २०२३ च्या अहवालात उघड केले. पण लेखापरीक्षणाला लागते नोंद. नर्सबाई पाड्यावर येऊन गेल्याची नोंद वहीत आहे आणि प्रत्यक्षात पावसाळाभर ती तिकडे फिरकलेली नाही, हे वही वाचून कधीच कळणार नाही. त्यासाठी पाड्यावरच्या गरोदर बाईलाच विचारावे लागते. शिवाय कॅगचा अहवाल येईपर्यंत काही वर्षे उलटलेली असतात, तोवर त्या बाईचे बाळंतपण कधीच होऊन गेलेले असते.

आरोग्याचा कारभार लोकांच्या सहभागाने चालावा ही कल्पना नवी नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालात गावोगावी आरोग्य समित्या सुचवल्या होत्या. १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणे हा लोकांचा हक्क मानला. पण विचारण्याची रीत सापडली ती दुसरीकडे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संगठन या संघटनेने १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनवाई घेतली. पंचायतीच्या कामांची बिले आणि मजुरांच्या हजेरीपटावरची नावे तिथे लोकांसमोर वाचून दाखवली गेली. कागदावरचे आणि गावातले सत्य समोरासमोर आणण्याची ही पद्धत पुढे आरोग्याच्या चळवळीने उचलली. २००० साली उभ्या राहिलेल्या जन स्वास्थ्य अभियानाने २००४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाबरोबर देशाच्या वेगवेगळ्या भागांत आरोग्यसेवा नाकारल्याच्या तक्रारींच्या सुनावण्या घेतल्या आणि वर्षअखेरीस दिल्लीत राष्ट्रीय सुनावणी झाली. पुढच्याच वर्षी, १२ एप्रिल २००५ रोजी, ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्याच्या आराखड्यात खात्यांतर्गत तपासणी आणि बाहेरची सर्वेक्षणे यांच्या जोडीला लोकांची देखरेख हा तिसरा आधार म्हणून धरला गेला. रस्त्यावरच्या आंदोलनाची पद्धत सरकारी कार्यक्रमाच्या चौकटीत येण्याचे असे उदाहरण विरळा.

या कामाचा पाया म्हणजे गावातली ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. तिला वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येणारा, निधी मिळे. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका आणि जिल्हा अशा चढत्या पायऱ्यांवर देखरेख व नियोजन समित्या असतात. त्यांत लोकप्रतिनिधी, आरोग्य अधिकारी, संस्थांचे कार्यकर्ते आणि गावसमित्यांचे सदस्य एकत्र बसतात. महाराष्ट्रात ही उतरंड बांधताना एक अडचण मुळातच होती. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, तर ग्रामीण रुग्णालये आणि उपजिल्हा रुग्णालये राज्याच्या अखत्यारीत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. आरोग्य केंद्राने बाळंतिणीला वेळेत पुढे पाठवले आणि ग्रामीण रुग्णालयाने तिला परत लावले, तर दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. दोघांना एकाच बैठकीत, लोकांच्या देखत बसवणे हा या समित्यांचा सर्वांत व्यवहारी उपयोग ठरला.

माहिती गोळा करण्याची साधने साधी ठेवली आहेत. स्त्री-पुरुषांच्या गटांशी बोलणी होतात, नुकत्याच बाळंत झालेल्या बायांच्या मुलाखती घेतल्या जातात, दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या रुग्णांना विचारले जाते आणि औषधांचा साठा प्रत्यक्ष पाहिला जातो. लसीकरण, गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची तपासणी, साथरोगांवरचे उपाय, गावात मिळणारे उपचार, अंगणवाडीची सेवा, अबंधित निधीचा वापर आणि आरोग्य केंद्रातली वागणूक या प्रत्येक बाबीला रंग दिला जातो. चांगल्याला हिरवा, बऱ्यावाईटाला पिवळा, वाईटाला लाल. या रंगांचे रिपोर्ट कार्ड गावात दर्शनी जागी लावले जाते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपल्या गावाचा दवाखाना कुठल्या रंगात आहे हे दिसते, आणि वाद घालायचा तर तो कशावर घालायचा तेही कळते. वस्तीनिहाय चर्चेचे मोल इथेच आहे. मोठ्या गावठाणात लसीकरण हिरव्या रंगात असते, त्याच गावच्या ठाकरवाडीत किंवा भिल्ल पाड्यात ते लाल असू शकते. गावाची सरासरी काढली की हा पाडा दिसेनासा होतो.

गोळा झालेले सगळे जनसुनवाईत येते. शाळेच्या पटांगणात किंवा आरोग्य केंद्राच्या आवारात मांडव घातला जातो. पंच म्हणून वकील, पत्रकार, डॉक्टर, प्राध्यापक, जिल्हा परिषद सदस्य बसतात. एका बाजूला आरोग्य अधिकारी आणि समोर गावोगावचे लोक. आधी गावांची रिपोर्ट कार्डे वाचली जातात, मग माणसे उभी राहून आपल्यावर काय गुदरले ते सांगतात. सांगण्यासारखे पुष्कळ असते. मोफत बाळंतपणासाठी मागितलेले पैसे, औषध नाही म्हणून हातात ठेवलेली बाहेरची चिठ्ठी, जननी सुरक्षा योजनेचे न मिळालेले अनुदान, रात्री कुलूपबंद असलेले आरोग्य केंद्र, मुख्यालयी न राहणारा डॉक्टर, डिझेल नाही म्हणून उभी असलेली रुग्णवाहिका. अधिकाऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे आणि जमत नसेल तर किती दिवसांत करणार ते सांगायचे. ती मुदत इतिवृत्तात लिहिली जाते. पुढच्या सुनावणीची सुरुवात या मुदतींपासून व्हावी अशी अपेक्षा असते, आणि जिथे तसे झाले तिथे बदल दिसला. भिंतीवर मोफत सेवांचे आणि साठ्यातल्या औषधांचे फलक लागले, बेकायदा घेतलेले पैसे रुग्णांना परत मिळाले, बंद पडलेली उपकेंद्रे उघडली.

‘साथी’ने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार पहिल्या पाच जिल्ह्यांत गावपातळीवरच्या सेवांना मिळालेल्या ‘चांगले’ या शेऱ्याचे प्रमाण पहिल्या फेरीत ४८ टक्के होते. दुसऱ्या फेरीत ते ६१ आणि तिसऱ्या फेरीत ६६ टक्क्यांवर गेले. त्याच काळात अभियानामुळे आरोग्यावरचा खर्चही वाढला होता, त्यामुळे या वाढीचे सगळे श्रेय देखरेखीला देता येणार नाही. मात्र पैसा आला म्हणून डॉक्टर मुख्यालयी राहू लागत नाही आणि नर्सबाई पाड्यावर जाऊ लागत नाही. त्या ठिकाणी विचारणाऱ्यांचा वाटा मान्य करावा लागेल.

आरोग्य कर्मचाऱ्यांना सुरुवातीला ही सुनावणी म्हणजे जाहीर अपमान वाटला, आणि त्यात तथ्य होते. रिकाम्या पदांचा आणि न आलेल्या औषधांचा जाब सर्वांत खालच्या पायरीवरच्या परिचारिकेला द्यावा लागे. हळूहळू काही ठिकाणी याच कर्मचाऱ्यांनी सुनावणीत आपली बाजू मांडायला सुरुवात केली. मागणीपत्र पाठवले तरी औषध येत नाही, दोन उपकेंद्रांचा भार एकीवर आहे, निवासस्थान गळते आहे, हे तेही लोकांसमोर सांगू लागले. मग प्रश्न गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून राज्यपातळीवरच्या बैठकीत गेले. औषधांचा तुटवडा हा एखाद्या केंद्राचा आळस नसून खरेदीच्या पद्धतीतला दोष आहे, हे असे खालून वर सिद्ध होत गेले. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले होते आणि महाराष्ट्रात तसेच करावे ही आरोग्य चळवळीची जुनी मागणी. राज्याने २०१७ पासून ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली आणि २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण केले.

नियोजनाचे अंग मागाहून बळावले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे, अभियानाच्या सुरुवातीच्या रचनेत, अबंधित, देखभाल आणि समितीचा असे तीन निधी मिळून वर्षाला पावणेदोन लाख रुपये येत. हा पैसा रंगरंगोटीवर आणि खुर्च्यांवर सहज संपतो. देखरेख समितीतल्या बायांनी त्यातून प्रसूतिगृहाला पडदा, रुग्णांबरोबर येणाऱ्यांसाठी पिण्याचे पाणी, गरम पाण्याची सोय अशा मागण्या रेटल्या. रक्कम छोटी, पण ती कशावर खर्चावी हे बाळंत होणारी ठरवते की कार्यालय, हा फरक छोटा नाही.

कल्याणकारी योजनांमध्ये लोकाधारित देखरेखीची सख्खी भावंडे आहेत. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमाने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपवले. आंध्र प्रदेशने त्यासाठी २००९ मध्ये अंमलबजावणी खात्यापासून वेगळी सोसायटी काढली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनसाठी सामाजिक अंकेक्षण आणि दक्षता समित्या आणल्या. मेघालयाने २०१७ मध्ये अनेक योजनांसाठी एकच सामाजिक अंकेक्षण कायदा केला, असा कायदा करणारे ते पहिले राज्य. आरोग्यातली लोकाधारित देखरेख यांच्यापेक्षा लोकांच्या जास्त जवळ गेली, पण तिला कायद्याचा पाठिंबा मिळाला नाही. ती दरवर्षीच्या कार्यक्रम आराखड्यातली एक तरतूद राहिली. सुनावणीत दिलेली मुदत पाळली नाही तर अधिकाऱ्यावर काही कारवाई होईल असे कुठेच लिहिलेले नाही. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे ज्या खात्याला प्रश्न विचारायचे, त्याच खात्याकडून प्रश्न विचारण्याचा खर्च यायचा. निधी उशिरा आला की कार्यकर्त्यांचे मानधन थांबते, बैठका थांबतात आणि पुढच्या सुनावणीपर्यंत मागची आश्वासने जुनी होतात. सुमारे वीस वर्षांच्या अनुभवानंतर तरी या कामाचा निधी आरोग्य खात्याबाहेरून आला पाहिजे आणि सुनावणीच्या निर्णयांना कायद्याचे बळ मिळाले पाहिजे, असे या नोंदीच्या लेखकाचे ठाम मत आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला आणि त्यात तक्रार निवारणाची यंत्रणा घातली. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्यांसारख्या अधिसूचित सेवांना मुदत आली, पण वेळेवर मिळणारे औषध आणि हजर असलेला डॉक्टर अशा मुदतीत बसवणे अजून जमलेले नाही.

लोकाधारित देखरेख गावाच्या हद्दीत चालते आणि माणसे हद्द ओलांडून जातात. ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर असतात. त्या काळात गावात झालेल्या सुनावणीत त्यांचा आवाज नसतो आणि जिथे ती राहतात तिथल्या समितीच्या दृष्टीने ती परकी असतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये गाजले आणि शासनाने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्यांतल्या बऱ्याच शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या आणि गावाची देखरेख समिती तिथपर्यंत पोचत नव्हती. खासगी रुग्णालयांसाठी महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले आणि तक्रारीसाठी नोंदणी करणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे कक्ष ठेवला. या कक्षात गावच्या समितीला जागा नाही.