इंग्रजीचे हजारो शब्द पाठ, तरी उतारा का समजत नाही? चिनी विद्यार्थ्यांची नेमकी अडचण काय?

चीनमधल्या विद्यार्थ्यांमध्ये एक विनोद प्रसिद्ध आहे. इंग्रजी शब्दांची यादी उघडली की सुरुवातीलाच 'अबँडन' हा शब्द भेटतो. अर्थ : सोडून देणं. बरेच जण तिथेच यादी सोडून देतात. काही दिवसांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात होते आणि पुन्हा 'अबँडन'च पाठ होतो. बाजारात शब्दसंग्रहाची पुस्तकं वर्णक्रम मोडून, उलटसुलट क्रमानेही मिळतात.

विनोदामागचा प्रश्न मात्र गंभीर आहे. शब्द पाठ असूनही उतारा समजत नाही, असं का होतं?

परीक्षेत इंग्रजीला किती वजन आहे?

चीनमध्ये २००१ पासून इंग्रजी साधारणपणे तिसरीपासून शिकवायचं धोरण आहे. बारावीनंतरची विद्यापीठ प्रवेश परीक्षा म्हणजे 'गाओकाओ'. बहुतेक प्रांतांत ती ७५० गुणांची असते. त्यात चिनी आणि गणिताइतकेच, म्हणजे १५० गुण परकीय भाषेला असतात आणि बहुतेक विद्यार्थी इंग्रजीच घेतात. या परीक्षेसाठी साधारण साडेतीन हजार शब्द यायला हवेत, असं मानलं जातं.

विद्यापीठात गेल्यावर 'कॉलेज इंग्लिश टेस्ट'ची चौथी पातळी येते. १९८७ मध्ये सुरू झालेली ही परीक्षा ७१० गुणांची आहे. तिच्यात वाचन-आकलनाला ३५ टक्के वजन आहे. एका भागात उताऱ्यातल्या १० रिकाम्या जागा १५ शब्दांतून निवडून भरायच्या असतात. दुसऱ्यात १० विधानं लांबलचक लेखातल्या कोणत्या परिच्छेदाशी जुळतात ते शोधायचं असतं. तिसऱ्यात दोन उताऱ्यांवर प्रत्येकी पाच प्रश्न असतात. वेळ ४० मिनिटं.

सुरुवात जवळपास शून्यापासून

मराठी मुलाला इंग्रजी शिकण्याआधीच टेबल, बस, डॉक्टर, कॉम्प्युटर हे शब्द माहीत असतात. चिनी मुलाला ही शिदोरी फारशी मिळत नाही. सोफ्याला 'शाफा' आणि कॉफीला 'काफेइ' असे काही उसने शब्द चिनीत आहेत, पण बहुतेक वेळा चिनी भाषा नव्या वस्तूला स्वतःचं नाव देते. कॉम्प्युटर म्हणजे 'विजेचा मेंदू', टेलिफोन म्हणजे 'विजेचं बोलणं' आणि ट्रेन म्हणजे चक्क 'आगगाडी'. त्यामुळे जवळपास प्रत्येक इंग्रजी शब्द नव्याने शिकावा लागतो आणि भर पाठांतरावर जातो.

अर्थ पाठ आहे, मग अडतं कुठे?

पहिली अडचण : एका शब्दाला एकच अर्थ पाठ केलेला असतो. 'अॅड्रेस' म्हणजे पत्ता हे माहीत असतं. पण उताऱ्यात सरकार एखादा प्रश्न 'अॅड्रेस' करतं, तेव्हा तो सोडवण्यासाठी पावलं उचलतं, हे कळत नाही. 'बुक' म्हणजे पुस्तक, पण हॉटेल 'बुक' करणं वेगळं. चिनी शिक्षक याला 'ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ' म्हणतात. परीक्षेत अशा शब्दांवर हमखास प्रश्न येतात.

दुसरी अडचण वाक्यरचनेची. 'मी काल विकत घेतलेलं पुस्तक' असं मराठीत म्हणतात. चिनीतही पुस्तकाची माहिती आधी आणि 'पुस्तक' शेवटी येतं. इंग्रजीत उलट : आधी 'पुस्तक', मग त्याची माहिती. वाक्य तीन ओळींचं असेल तर कोणती माहिती कोणत्या नामाची, हे शोधण्यातच वेळ जातो.

तिसरी अडचण काळाची. चिनीत क्रियापदाचं रूप काळानुसार बदलत नाही. 'काल', 'उद्या' अशा शब्दांवरून आणि काही छोट्या अव्ययांवरून अर्थ कळतो. म्हणून घटना घडली, घडते आहे की घडली असती, हा इंग्रजी क्रियापदातला फरक वाचताना निसटतो.

अनोळखी शब्द किती चालतात?

'अर्थ संदर्भावरून ओळखा' असा सल्ला नेहमी दिला जातो, पण त्यालाही मर्यादा आहे. हू आणि पॉल नेशन या संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार, मदतीशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे ३०० शब्दांच्या पानावर साधारण सहाच अनोळखी शब्द. ३० शब्द अडले तर संदर्भच उरत नाही. म्हणूनच थेट परीक्षेचे कठीण उतारे घेऊन बसण्यापेक्षा सोप्या गोष्टी भरपूर वाचणं जास्त उपयोगी ठरतं.

मग सराव कसा करावा?

- शब्द फोडून शिकावा. चिनी शब्द अक्षरचिन्हं जोडून बनतात : 'आग' आणि 'डोंगर' मिळून ज्वालामुखी. हीच सवय इंग्रजीत कामी येते. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं, हे कळलं की इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट एकत्र लक्षात राहतात.
- शब्द जोडीने शिकावा. चिनीत दिवा 'उघडतात', म्हणून विद्यार्थी इंग्रजीतही 'ओपन द लाइट' म्हणतात. सुटा शब्द लिहिण्याऐवजी 'टर्न ऑन द लाइट' असा पूर्ण तुकडा वहीत लिहावा.
- उजळणीत अंतर वाढवत न्यावं. आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी. एका बैठकीत शंभर वेळा घोकण्यापेक्षा हे जास्त टिकतं.
- चुकलेलं उत्तर तपासावं. शब्द अडला, वाक्य अडलं की प्रश्नच समजला नाही? कारण कळल्याशिवाय पुढचा उतारा घेऊ नये.
- मोठ्याने वाचावं आणि ऐकावं. परीक्षेत गुण मिळतात पण बोलता येत नाही, अशा इंग्रजीला चीनमध्ये 'याबा यिंग्यू' म्हणजे 'मुकं इंग्रजी' म्हणतात. शब्द फक्त डोळ्यांनी पाठ केला तर तो कानाला ओळखू येत नाही आणि तोंडातही येत नाही.

यादी पाठ करणं चूक नाही. पहिले दोन-तीन हजार शब्द लवकर जमवायला तिचा उपयोग होतोच. पण शब्द यादीत एकदा भेटतो आणि वाचनात दहा वेळा, दर वेळी थोड्या वेगळ्या अर्थाने. उतारा समजायला लागतो तो या दहा भेटींमुळे.