ताणामुळे बिघडणारे पोट : काय करावे, दवाखाना कधी गाठावा

परीक्षा जवळ आली की पोटात मुरडा येतो, मोर्चाच्या आदल्या रात्री जळजळ होते. तपासणीत काही सापडले नाही की घरचे म्हणतात, 'मनाचे खेळ आहेत.' पण हा त्रास खरा असतो. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत. ताण वाढला की आतड्यांची हालचाल बदलते आणि साधा गॅससुद्धा दुखू लागतो.

आम्ही वस्तीत काम करताना पाहतो, कार्यकर्ते दिवस चहावर काढतात आणि रात्री उशिरा भरपेट जेवतात. उपाशी राहणे म्हणजे चळवळीवरील निष्ठा नव्हे. संयुत्त निकायात भगवान बुद्धांनी अति जेवणाऱ्या राजा पसेनदीला भोजनात मात्रा ठेवायला सांगितले आहे. मात्रा म्हणजे अति नको, तशी उपासमारही नको.

हे करून पाहा :

• ठरलेल्या वेळी, सावकाश जेवा. चहा, तेलकट, तिखट कमी करा, तंबाखू सोडा.
• रोज 10 मिनिटे पोटाने संथ श्वास घ्या, मग आनापान करा.
• रोज अर्धा तास चाला, पुरेशी झोप घ्या.
• बद्धकोष्ठता असल्यास इसबगोल थोड्यापासून सुरू करा, भरपूर पाण्यासोबत.

शौचातून रक्त, काळी शौच, कारण नसताना घटणारे वजन, सततच्या उलट्या किंवा झोपेतून उठवणारी वेदना असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. मन फारच खचले असेल तर 'टेली-मानस'च्या 14416 या मोफत सरकारी क्रमांकावर बोला. मदत मागण्यात कमीपणा नाही.