बोस्टनचा बर्फ आणि आमची पापलेटं

गेल्या शनिवारी आम्ही पाच मित्र वीज नसलेल्या एका शेतघरावर राहायला गेलो. थर्माकोलच्या खोक्यात पापलेटं, वर फ्रीजच्या ट्रेमधले बर्फाचे खडे. रविवारी सकाळी झाकण उघडलं तर आत कोमट पाणी आणि वास! मासळी खड्ड्यात पुरली आणि मॅगी खाल्ली.

घरी येऊन चडफडत वाचत बसलो, तर कळलं की हा प्रश्न १८३३ सालीच सुटला होता.

त्या वर्षी १२ मे ला 'टस्कनी' नावाचं जहाज बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. पोटात १८० टन बर्फ! हिवाळ्यात तिथली तळी गोठली की कापून ठेवलेल्या लाद्या. चार महिन्यांचा प्रवास, तोही विषुववृत्त दोनदा ओलांडून. सप्टेंबरात जहाज पोचलं तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. कॉम्प्रेसर नाही, वीज नाही. आणि आमचा बर्फ एक रात्रही टिकला नाही.

ह्यामागचा माणूस फ्रेडरिक ट्यूडर. १८०६ मध्ये त्याने मार्टिनिक बेटावर बर्फ नेला तेव्हा लोक हसले. तिथे तो साठवायला बर्फघरच नव्हतं. पुढे कर्जापायी तुरुंगवारीही घडली. पण गडी एकेक चूक दुरुस्त करत गेला. आपण ज्याला डिबगिंग म्हणतो, तेच. त्याच्या जोडीदाराने, नॅथॅनिएल वाएथने, १८२५ मध्ये घोड्याने ओढायचा बर्फाचा नांगर काढला आणि लाद्या एकसारख्या चौकोनी निघू लागल्या. त्या फटी न ठेवता रचायच्या, भोवती भुसा नाहीतर गवत भरायचं. त्यात अडकलेली हवा उष्णता अडवते. थर्माकोलही तेच करतो.

मग आमचं काय चुकलं? साधं गणित आहे. १० सेंमी बाजूच्या ठोकळ्याचं पृष्ठफळ ६०० चौ. सेंमी. त्याचेच १ सेंमीचे हजार तुकडे केले तर ६,०००! म्हणजे उष्णता शिरायला दहापट जागा. त्यात आम्ही कोल्ड्रिंकसाठी तासातासाला झाकण उघडत होतो.

ट्यूडरचा बर्फ पुढे मुंबई-मद्रासलाही येऊ लागला. मद्रासचं १८४२ चं बर्फघर अजून मरीनासमोर उभं आहे. आता ते विवेकानंद हाऊस.

थोडक्यात, गार करणं वेगळं आणि गार राखणं वेगळं. पुढच्या खेपेला दोन लिटरच्या बाटल्या गच्च गोठवून नेणार, आणि कोल्ड्रिंकचं खोकं वेगळं. पापलेटांचे पैसे मात्र मित्रांनी माझ्याकडूनच वसूल केलेत. असो!