शिळ्या पावाची गोड गोष्ट



दुधात भिजवून, वर फळं घालून भाजलेला गोड टोस्ट आता शहरातल्या हॉटेलांत सकाळच्या नाश्त्याला मिळतो, तोही चांगल्या भावाने. पण त्याचा जन्म हॉटेलात झाला नाही. तो झाला काटकसरीच्या घरात, शिळ्या पावातून.

आपण भाकरी रोज थापतो. तवा आणि चार काड्या असल्या की भागतं. पावाला मात्र भट्टी लागते आणि भट्टीला भरपूर सरपण. म्हणून युरोपातल्या अनेक खेड्यांत सगळ्यांची मिळून एकच भट्टी असे. कित्येक दिवसांचा पाव तिथून एकदम भाजून आणायचा. दोन-चार दिवसांत तो कडक होई. टाकणं परवडत नसे, म्हणून बाया तो भिजवून गोड करत.

ही युक्ती फार जुनी आहे. ‘आपिकियस’ या नावाने ओळखला जाणारा रोमन पाककृतींचा एक संग्रह आहे, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा. त्यात लिहिलंय, पांढऱ्या पावाची कड काढा, मोठे तुकडे करा, दुधात भिजवा, तळा आणि वरून मध घाला.

पुढे देशोदेशी या पदार्थाला नावं पडली. फ्रेंच लोक म्हणतात ‘पँ पेर्द्यू’, म्हणजे वाया गेलेला पाव. जर्मन लोक म्हणतात ‘आर्मे रिटर’, म्हणजे गरीब सरदार. पोर्तुगालमध्ये तो नाताळात करतात, स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत. गरजेचा पदार्थ असा सणाच्या ताटात जाऊन बसला.

भट्टीत फळांसह भाजायची पद्धत एका बाईने पुस्तकात लिहून ठेवली. तिचं नाव एलिझा स्मिथ. तीस वर्षांहून जास्त काळ तिने इंग्लंडमधल्या बड्या घरांत काम केलं होतं. तिचं पुस्तक लंडनमध्ये 1727 साली निघालं. लोणी लावलेल्या पावाच्या चकत्यांमध्ये मनुका पेरायच्या, वर साय आणि दहा अंड्यांचा बलक ओतून भाजायचं. हा थाट अर्थात श्रीमंतांचा! 1742 साली हेच पुस्तक अमेरिकेत छापलं गेलं. तिथे छापलेलं ते पहिलं पाककृतींचं पुस्तक.

आपल्याकडे पाव आला पोर्तुगीजांबरोबर, गोव्यात. ‘पाव’ हा शब्दही त्यांचाच. यीस्ट नव्हतं, तेव्हा गोव्याच्या पोदेरांनी माडाच्या ताडीने पीठ फुगवलं. आज पाव आपल्या गावच्या टपरीवरही मिळतो.

शिळ्याचं गोड करणं आपल्याला नवीन नाही. शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू आपण करतोच. पण एक विचारते. घरातलं शिळं कोण खातं? बहुतेक घरांत बाईच. सगळ्यांची पानं झाली की उरलंसुरलं तिच्या ताटात. या टोस्टच्या इतिहासात मला हेच मोलाचं वाटतं. शिळं एकीच्या वाट्याला गेलं नाही, त्याचा चांगला पदार्थ झाला आणि तो सगळ्यांच्या ताटात पडला.

करून बघा. कालचे चार पाव, दीड कप थंड दूध, दोन अंडी, तीन चमचे किसलेला गूळ, थोडी वेलची, दोन पिकलेली केळी किंवा चिकू. अंडं चालत नसेल तर दोन चमचे कस्टर्ड पावडर दुधात कालवा. तूप लावलेल्या डब्यात पावाचे तुकडे आणि फळांच्या फोडी रचा, दूध ओता, पंधरा मिनिटं मुरू द्या. जाड कढईत तळाला मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवून कढई तापवा. डबा आत ठेवून वर झाकण घाला. मंद आचेवर साधारण अर्ध्या तासात दूध घट्ट बसतं. कालचा पाव कोरडा असतो, म्हणून दूध छान पितो आणि विरघळत नाही. पण बुरशी आलेला पाव मात्र टाकूनच द्या.

आणि वाढताना पहिल्याच पंगतीला तुम्हीही बसा.