सुट्टी, जुने सिनेमे आणि मरण

गेल्या व्याख्यानाच्या शेवटी आम्ही सांगितलं होतं, की पुढच्या वेळी कठोपनिषदावर बोलू. नचिकेत आज येणार आहे, पण जरा वळसा घालून. मध्ये वर्षअखेरची सुट्टी आली, आणि त्या सुट्टीत आम्ही तीन म्हातारे थिएटरमध्ये जाऊन ‘शोले’ बघून आलो. पूर्वी आम्ही चौघे जायचो. आजचं सगळं बोलणं या एका आकड्यातून निघालेलं आहे, तेव्हा ते आधीच सांगून टाकतो.

सुट्टी आणि सिनेमा यांचं नातं जन्मापासूनचं आहे. ल्युमिए बंधूंनी पॅरिसच्या ग्राँ काफेमध्ये पैसे घेऊन पहिला जाहीर खेळ केला तो २८ डिसेंबर १८९५ रोजी, म्हणजे नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत. दोनच दिवसांनी तिथल्या एका वृत्तपत्राने जे लिहिलं, त्याचा आशय असा होता : आता माणसं आपल्या जिवलगांना हलता-बोलताना टिपून ठेवू शकतील, आणि मग मरण हे अखेरचं राहणार नाही. म्हणजे बघा, पडद्यावर काय दिसलं होतं? कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, खाणारं एक तान्हं मूल. आणि बघणाऱ्याला सुचलं काय, तर मरण! सिनेमा ही करमणूक आहे हे लोकांना पुढे कळलं; ती मरणावरची तोड आहे असं मात्र पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं.

मुंबईत हे यंत्र आलं ७ जुलै १८९६ ला, वॉटसन हॉटेलात, एक रुपया तिकिटाने. आता याच्या शेजारी दुसरी तारीख ठेवा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी ओळखला गेला. अवघ्या दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने मुंबईत सिनेमा आला आणि प्लेग आला. एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध नाही, तो जोडण्याचा आमचा आग्रहही नाही. पण ज्या शहरातून माणसं जीव मुठीत धरून पळत होती, त्याच शहरात पुढच्या काही वर्षांत तंबूतले खेळ रुजले, ही गोष्ट विसरून आपला चित्रपटाचा इतिहास वाचता येत नाही.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला. गोष्ट कुठली निवडली? जिच्यात राजा स्मशानात राबतो, राणी मेलेला मुलगा घेऊन तिथे येते आणि शेवटी मूल उठून बसतं. तो रोहिदास म्हणजे फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. बाप सिनेमा काढतोय आणि समोर आपलं पोर मेल्याचं सोंग घेऊन पडलंय. १९३६ मध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. त्याच्या शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात, पण जिजाई मागे राहते, संसारापाशी आणि मुलांपाशी. आमच्या आया तो सिनेमा बघताना रडायच्या त्या विमानाकडे बघून नव्हे, जिजाईकडे बघून, असं आम्हांला आता वाटतं. जाणाऱ्याची गोष्ट भव्य असते. राहणाऱ्याची चूल पेटायचीच असते.

मरणाला उतारा म्हणून आलेला हा सिनेमा स्वतः मात्र मर्त्यच निघाला, बरं का. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, आज कुठेही उपलब्ध नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची मोजकीच रिळं उरली आहेत. जुनी नायट्रेटची फिल्म आपोआप सडते आणि ठिणगी मिळाली तर भडकते. पॅरिसच्या त्या वार्ताहराला हे ठाऊक नव्हतं.

आता आमच्या पिढीकडे येतो. १९७१ मध्ये ‘आनंद’ आला, हृषीकेश मुखर्जींचा. त्या काळात आपल्या घरांतून कॅन्सर हा शब्द मोठ्याने उच्चारत नसत. ‘तो रोग’ म्हणत. आणि इथे नायक पडद्यावर येतो तोच आपल्या रोगाचं लांबलचक नाव मजेत सांगत. शेवटी आनंद मेल्यावर टेपरेकॉर्डरमधून त्याचा आवाज येतो आणि खोलीतली माणसं हादरतात. पन्नासहून अधिक वर्षांनी हा प्रसंग बघताना एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. राजेश खन्ना २०१२ मध्ये गेले. डॉक्टर कुलकर्णी झालेले रमेश देव २०२२ मध्ये गेले आणि सीमा देव २०२३ मध्ये. म्हणजे आता टेपच नव्हे, अख्खा सिनेमाच ती टेप झाला आहे. पात्र मरतं तेव्हा नट जिवंत असतो, हा नाटक-सिनेमाचा मूळ करार. काळ हा करार उलटा करतो.

आणि मग १५ ऑगस्ट १९७५, ‘शोले’. आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला गेलो, केवळ मिनर्वाला सत्तर एमएममध्ये ‘शोले’ बघायला. तिकिटं अर्थातच काळ्या बाजारातली. परतीच्या भाड्यापुरतेच पैसे उरले. जय नाणं उडवतो त्या प्रसंगात नाण्याचा आवाज थिएटरभर असा काही फिरला, की आमच्यातला एक जण खरोखरच वाकून खुर्चीखाली बघायला लागला. त्यावरून त्याला आयुष्यभर चिडवलं. पुढे दरवर्षी दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत कुणा एकाच्या घरी आम्ही जमायचो आणि जुना एखादा सिनेमा लावायचो. आधी व्हीसीआर, मग सीडी, मग मुलांनी लावून दिलेलं काहीतरी. बहुतेक वेळा ‘शोले’च. संवाद तर गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यांनीच पाठ करून घेतले होते.

या सिनेमाच्या इतिहासात मरणाविषयीचे दोन निर्णय आहेत, ते नीट बघण्यासारखे आहेत. पहिला निर्णय सेन्सॉरचा. मूळ शेवटात हात नसलेला ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे चालणार नाही, म्हणून शेवट बदलायला लावला. ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बरला नेतात. दुसरा निर्णय निर्मात्यांचा. पहिल्या काही दिवसांत प्रतिसाद थंड वाटला तेव्हा जयला जिवंत ठेवावं, शेवट नव्याने चित्रित करावा, असा विचार गंभीरपणे झाला होता. रमेश सिप्पींनी आणखी थोडं थांबून बघायचं ठरवलं, आणि पुढे सिनेमा मिनर्वाला पाच वर्षं चालला. म्हणजे गब्बर सरकारी हुकमाने वाचला आणि जय बाजाराच्या हिशेबाने वाचता वाचता राहिला.

समजा, जय वाचला असता तर? राधेशी लग्न, दोन जोडपी, गाडी सुटते, समाप्त. कुणाला आठवलं असतं? राधा एकेक दिवा मालवते आणि जय अंगणात माउथ ऑर्गन वाजवतो, तो प्रसंग मग नुसता प्रेमप्रसंग ठरला असता. दोन्ही बाजूंना छाप असलेलं ते नाणं हा नुसता विनोद राहिला असता. जयने ते पुलावर शेवटचं उडवलं ते दैवावर सोपवण्यासाठी नव्हे. मागे राहायचं त्याचं आधीच ठरलेलं होतं, आणि वीरूला ते कळू नये एवढीच त्याची इच्छा होती. मरण हे त्या गोष्टीवर बाहेरून पडलेलं संकट नाही, आधीच्या सगळ्या प्रसंगांना अर्थ देणारी ती जागा आहे. आमच्या वर्गात हे समजावून सांगायला आम्ही हायडेगरचा आधार घ्यायचो. नाण्यानेही काम भागलं असतं.

जून २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात ‘शोले’ची दुरुस्त केलेली प्रत मूळ शेवटासह दाखवली गेली, आणि डिसेंबरात ती आपल्याकडे थिएटरात आली. या दोन तारखांच्या मध्ये २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, असरानी गेले आणि २४ नोव्हेंबरला धर्मेंद्र गेले. अमजद खान तर १९९२ मध्येच गेले होते, एक्कावन्नाव्या वर्षी. संजीवकुमार १९८५ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी. केस पिकवून त्यांनी उभा केलेला तो ठाकूर आम्हांला तेव्हा वडिलांच्या वयाचा वाटला होता. प्रत्यक्षात ते सदतीस वर्षांचे होते. ज्या म्हातारपणाचं त्यांनी इतकं खरं सोंग घेतलं ते त्यांच्या वाट्याला आलंच नाही. आमच्या वाट्याला आलं. आणि पडद्यावर जय वीरूच्या मांडीवर प्राण सोडतो. बाहेर वीरू गेला आहे आणि जय आहे.

स्मरणरंजन हा आपला शब्द छान आहे, पण त्यात एक फसगत आहे. युरोपीय भाषांतला नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी घडवला. ग्रीकमध्ये नोस्टॉस म्हणजे घरी परतणं, आल्गॉस म्हणजे वेदना. हे रोगाचं नाव होतं, आणि रोगी त्याने दगावतो असं होफर मानत होता. मराठीत आणताना आपण त्यातली वेदना काढून टाकली आणि रंजन ठेवलं. पण ‘शोले’ पन्नासाव्यांदा बघताना जे होतं त्यात दोन्ही असतं. आपल्या रसशास्त्राने ते कधीच ओळखलं होतं. शोक हा स्थायी भाव, आणि त्याचाच करुण रस होतो, जो आपण आवडीने चाखतो. भट्टनायक म्हणतो तसं साधारणीकरण होतं : दुःख माझं किंवा त्याचं राहत नाही, म्हणून ते सोसवतं.

आता त्या चौथ्याबद्दल. गेल्या पावसाळ्यात तो रुग्णालयात होता. आजार काय आहे हे त्याला माहीत होतं, आम्हांलाही. एका संध्याकाळी तो म्हणाला, “अरे, शोले लावा रे एकदा. सगळे मिळून बघू.” मोबाइल हातात होता, मनात आणलं असतं तर दोन मिनिटांचं काम. आम्ही म्हणालो, “इथे कुठे? बरा होऊन घरी ये, दिवाळीत मोठ्या पडद्यावर बघू.” तो हसला, आणि काही बोलला नाही. आणि मग तत्त्वज्ञान शिकवण्यात उभं आयुष्य घालवलेल्या आम्ही त्याच्याशी आत्मा, अनित्यता असलं काहीबाही बोललो. तो शिष्टपणे ऐकत राहिला. दिवाळीपर्यंत तो नव्हता.

असं का वागलो, याचा या सुट्टीत विचार केला. भीती होतीच, पण तिच्या आड एक शिकलेला पूर्वग्रहही होता. यम नचिकेताला रथ, वाद्यं, गाणाऱ्या स्त्रिया देऊ करतो आणि नचिकेत ते सगळं नाकारून मरणाचं ज्ञान मागतो. ही गोष्ट वर्षानुवर्षं शिकवून आमची ठाम समजूत झाली होती, की करमणूक ही यमाने दिलेली लाच आहे आणि गंभीर माणसाने ती घ्यायची नसते. पण आमचा मित्र मरणापासून तोंड फिरवत नव्हता. ‘बरा होऊन ये’ म्हणणारे आम्ही फिरवत होतो. लाच आम्ही खाल्ली होती.

एपिक्यूरसचं शेवटचं पत्र आम्ही कितीतरी वर्षं वर्गात सांगितलं. मुतखड्याच्या असह्य वेदनांत, शेवटच्या दिवशी तो मित्राला कळवतो, की आपल्या जुन्या संभाषणांची आठवण आणि तिचा आनंद या सगळ्या वेदनांच्या समोर उभा आहे. मरण आपल्याला काहीच नाही, हा त्याचा युक्तिवाद विद्यार्थी पाठ करतात. परीक्षेत तोच विचारला जातो. पण मरताना तो युक्तिवादाचा नाही, मित्रांबरोबर घालवलेल्या वेळेचा आधार घेतो. रुग्णालयात आमचा मित्र हेच मागत होता. त्याने एपिक्यूरस वाचलेला नव्हता, आणि आम्ही वाचलेला होता.

डिसेंबरात आम्ही तिघे गेलो. चार तिकिटं काढावीत असं एकाच्या मनात आलं होतं. मग तीनच काढली. सोंग नको वाटलं. पन्नास वर्षांनी गब्बरचा शेवट बदललेला बघितला. जयचा बदलला नव्हता. नाण्याचा प्रसंग आला तेव्हा आवाज पुन्हा थिएटरभर फिरला, आणि शेजारच्या रांगेतलं एक लहान पोर खाली वाकून बघायला लागलं. आम्ही तिघेही त्याच्याकडेच बघत होतो.

तर मंडळी, एवढंच सांगायचं होतं. तुमच्या घरात कुणी आजारी माणूस जुना सिनेमा लावा म्हणाला, तर तो लगेच लावा, आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर बसा. नचिकेताचा पहिला वर पुढच्या वेळी.