अर्धं बळ : कोठुऱ्यापासून भरतीच्या मैदानापर्यंत



आजचा विषय आहे वजन उतरवणं आणि ताकद कमावणं, तेही शरीराची मोडतोड न करता. आम्ही डॉक्टर नाही, व्यायामशाळेतले शिक्षकही नाही. इतिहासाचे अभ्यासक आहोत. तेव्हा 'किती किलो, किती दिवसांत' असं कोष्टक आमच्याकडून मिळणार नाही. आपल्याकडे शरीर कमावण्याची मोठी परंपरा होती. त्या परंपरेत 'आता पुरे' हे कोण ठरवत होतं, कशावरून ठरवत होतं आणि ते ठरवणं आपल्या हातून कसं सुटलं, एवढंच आज पाहायचं आहे.

सुरुवात घरापासून करू. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात कोठुरे नावाचं गाव आहे. मल्लखांबाला नवं आयुष्य देणारे बाळंभटदादा देवधर या गावचे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी ते होते. म्हणजे काळ १७९६ ते १८१८ च्या पेशवाईचा. त्यांची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. हैदराबादकडचे अली आणि गुलाब हे दोन नामांकित पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी दरबाराला आव्हान दिलं. कोणी पुढे येईना. तेव्हा तरुण बाळंभट उभे राहिले. पुढे ते वणीच्या सप्तशृंग गडावर गेले, देवीची उपासना केली, आणि लाकडी खांबावर खेळणाऱ्या वानराच्या रूपात मारुतीनं त्यांना दृष्टान्त दिला. परत येऊन त्यांनी अलीला चीत केलं, आणि गुलाबनं लढायचंच टाळलं.

ही आख्यायिका आहे, आणि ती आख्यायिका म्हणूनच आम्ही सांगतो. खांबावरचा व्यायाम त्याआधीही होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या श्रमांचा उल्लेख आहे. पण आख्यायिकेतही समाज काय जपून ठेवतो, ते पाहण्यासारखं असतं. सांगणारे वानरावर थांबतात. आमचं लक्ष आधीच्या एका बारीक गोष्टीकडे जातं. बाळंभटांनी आव्हान स्वीकारलं आणि मुदत मागितली. 'उद्याच लढतो' असं ते म्हणाले नाहीत. दरबारानंही त्यात भित्रेपणा पाहिला नाही. बळ यायला वेळ लागतो, हे मागणाऱ्याला ठाऊक होतं आणि देणाऱ्यालाही.

आता मल्लखांब म्हणजे काय ते बघा. शिसवी किंवा सागवानी खांब, अंग, मान आणि बोंड असे त्याचे भाग, वरून एरंडेल चोळलेलं. त्यावर सलामी घ्या, अढी मारा, बगली करा, दसरंग करा. प्रत्येक वेळी उचलायचं असतं ते स्वतःचंच वजन. कुस्तीत जाड अंगाचा थोडाफार फायदा मिळतो. खांबावर मिळत नाही. पोटावर चार किलो जास्त असतील तर ते खांब लगेच सांगतो. आणि वजन उतरवायच्या नादात अंगातलं बळच उतरलं असेल, तर तेही सांगतो, कारण मग पकड सुटते. काट्यावर वजनाचा नुसता आकडा दिसतो. खांबावर वजन आणि बळ यांचं प्रमाण कळतं. वजन घटलं का, यापेक्षा आपलं वजन आपल्याला पेलतं का, हा प्रश्न आम्हाला जास्त शहाणपणाचा वाटतो.

तालमीत हे सगळं पाहायला वस्ताद असायचे. नवा पोरगा आला की पहिल्याच दिवशी त्याच्याकडून शेकड्यांनी जोर-बैठका काढून घ्यायच्या नाहीत. अंग धरेल तशा वाढवायच्या. मेहनतीइतकंच महत्त्व खुराकाला, मालिशीला आणि झोपेला. पोराचा चेहरा बघून 'आज बस कर' म्हणणारा तो माणूस. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, पण नजर होती.

ही नजर नुसत्या अनुभवातून आलेली नव्हती. तिच्यामागे शास्त्र होतं. आयुर्वेदाच्या ग्रंथांत व्यायामावर जे लिहिलं आहे, ते आज वाचलं तर चकित व्हायला होतं. सुश्रुतसंहिता म्हणते की स्थूलपणा घटवायला व्यायामासारखं दुसरं काही नाही. इथपर्यंत आजची जाहिरातही सांगेल. पण सुश्रुत लगेच पुढे मर्यादा घालतो. वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार हे सगळं पाहून व्यायाम करावा, नाहीतर रोग होतो. आणि किती करावा? तर अर्ध्या बळानं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही हेच आहे. जो बलवान आहे आणि ज्याच्या खाण्यात तूप-तेल आहे, त्यानंसुद्धा अर्ध्या शक्तीनं करावा, आणि तोही थंडीत व वसंतात. इतर ऋतूंत त्याहून हलका.

अर्धं बळ मोजायचं कसं? त्याची खूण सुश्रुतानं दिली आहे. व्यायाम करताना श्वास तोंडाशी येऊ लागला, की अर्धं बळ खर्ची पडलं असं समजावं. कपाळावर, नाकावर, काखेत घाम येणं याही खुणा परंपरेनं सांगितल्या. आजचे प्रशिक्षक सांगतात की व्यायाम करताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, म्हणजे मध्यम वेग झाला. दोन्हींत मोजमाप शरीराच्या आतलं आहे. त्यामुळे ते प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि एकाच माणसाचं आज वेगळं, उद्या वेगळं असतं.

आणि मर्यादा ओलांडली तर काय होतं? वाग्भट यादीच देतो : तहान, क्षय, दम, रक्तपित्त, थकवा, खोकला, ताप, वांती. पुढे उपमा येते ती हत्तीला ओढणाऱ्या सिंहाची. सिंह बलवानच असतो, पण हत्तीला ओढायच्या भरात स्वतःच संपतो. गंमत म्हणजे अतिरेकाच्या त्याच यादीत वाग्भटानं जागरण, फार चालणं आणि फार बोलणंही घातलं आहे. फार बोलणं आम्हा व्याख्यात्यांनी लक्षात ठेवावं. जागरण मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवावं, कारण त्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

हे ग्रंथ संस्कृतात अडकून पडले होते असंही नाही. गणेश कृष्ण गर्दे यांचा 'सार्थ वाग्भट' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी घरांत वाचला जात होता. मग अर्धं बळ गेलं कुठे?

आमचं मत असं, की ते आकड्याखाली दबलं. आपल्या नाशिकचंच उदाहरण घेऊ. समर्थ रामदासांनी टाकळीला तपश्चर्या केली आणि ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, असं परंपरा सांगते. नाशिकच्या प्रत्येक मुलाला हा आकडा ठाऊक असतो. पण तीच परंपरा दुसराही आकडा सांगते. टाकळीचा मुक्काम बारा वर्षांचा होता. आपण बाराशे लक्षात ठेवले आणि बारा वर्षं विसरलो. रोजचा आकडा भाषणात टाळ्या घेतो. वर्षांचा आकडा ऐकायला कंटाळवाणा वाटतो, पण रोजचा आकडा पेलण्याची ताकद त्या वर्षांतूनच येते.

सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना हे कळलं होतं. त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत नमस्कार नेले, तेव्हा वयानुसार वाढत जाणारी संख्या सुचवली. आठ वर्षांच्या पोराला आणि विशीतल्या तरुणाला एकच आकडा नाही. सुश्रुतानं सांगितलेलं 'वय पाहून' इथे शाळेच्या वर्गात पोचलं.

थोडं बाहेरच्या जगाकडे पाहू. लंडनच्या विल्यम बँटिंगनं १८६३ मध्ये आपल्या लठ्ठपणावर एक पुस्तिका लिहिली. वजन उतरावं म्हणून त्यानं होडी वल्हवायला सुरुवात केली. ताकद वाढली, पण भूकही वाढली, आणि वजन हटेना. पुढे ब्रेड, साखर, बिअर, बटाटे कमी केले तेव्हा वर्षभरात सुमारे २१ किलो उतरलं. यातून आपण काय घ्यायचं? वजन मुख्यतः ताटात उतरतं, आणि त्या काळात बळ टिकवायचं काम व्यायाम करतो. खाणं कमी झालं म्हणून दुप्पट व्यायाम करायचा, हा हिशेबच उलटा आहे. खुराक घटला की शरीराची पेलायची ताकदही घटते.

दुसरं उदाहरण १९४५ चं. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणारा अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डेलॉर्म. दुखावलेल्या पायांना वजन उचलायला लावून त्यानं ताकद परत आणली. आधी तो एकाच व्यायामाच्या सत्तर ते शंभर आवृत्त्या करून घेत असे. १९४८ पर्यंत अनुभवानं त्यानं त्या वीस-तीसवर आणल्या. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं, त्याच्या अर्ध्यानं पहिला सेट, पाऊण वजनानं दुसरा, आणि पूर्ण वजनानं फक्त तिसरा. आज जिममध्ये जे 'दहाचे तीन सेट' सांगतात, त्यांचं मूळ इथे आहे. ताकदीसाठी पूर्ण वजन लागतंच, हे डेलॉर्म मान्य करतो. पण ते शेवटी आणि थोडंच.

१९३६ मध्ये हान्स सेलिए या शास्त्रज्ञानं उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं, की ताण आला की शरीर आधी हादरतं, मग सामना करतं, आणि ताण हटलाच नाही तर खचतं. ताण कुठला, याचा शरीर फारसा भेद करत नाही. वाग्भटानं व्यायाम आणि जागरण एकाच यादीत का घातलं, ते इथे उलगडतं.

आता आजच्या नाशिककडे येऊ. पहाटे रस्त्यांवर धावणारी मुलं-मुली आपण रोज पाहतो. पोलीस भरती, सैन्य भरती. शेतातली कामं करून किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करून अनेकजण धावतात, चहा घेतात आणि संध्याकाळी पुन्हा धावतात. जाहिरात निघाली की हातात थोडे महिने उरतात. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचे मृत्यू झाले. त्यात कडक उन्हाचा वाटा मोठा होता. नंतर अंतर कमी झालं, आणि आता पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावं लागतं. सरकारनं आकडा बदलला हे चांगलंच झालं. पण देश, काळ आणि आहार पाहा, हे सुश्रुताचे शब्द त्या मैदानावर कोणाला तरी आठवायला हवे होते, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

या मुलांना आळशी व्हा असं आम्ही मुळीच सांगत नाही. त्यांच्यासाठी ती नोकरी म्हणजे घराचा आधार आहे. म्हणूनच सांगतो. रात्रपाळी हाही व्यायामच मोजा. पाण्याचे हंडे, कांद्याच्या गोण्या हेही त्या दिवसाच्या हिशेबात धरा. सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जलद चालते, झोप लागत नाही, भूक मेली आहे, चिडचिड होते, सर्दी हटत नाही, आणि मेहनत वाढूनही वेळ सुधारत नाही, अशी लक्षणं दिसली तर तो विश्रांतीचा निरोप आहे. मुलींची पाळी थांबली तर 'धावल्यामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. जबर व्यायामानंतर लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जाणत्या माणसाची सोबत मिळाली तर काय घडतं, त्याचाही दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत. डोंगरात पाणी वाहून आणणारी ही मुलगी प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं घडली, आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य, तर ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकून आली. आपल्याला आठवतात ती दोन पदकं. त्यांच्यामागची वर्षं आपण पाहिलेली नसतात.

प्रत्येकाला असा प्रशिक्षक मिळणार नाही, हे उघड आहे. जुनी तालीम आज गल्लोगल्ली उरलेली नाही. जिममध्ये आरसा असतो, मोबाईलमध्ये पावलांचा आकडा असतो, पण 'आज बस कर' म्हणणारं कोणी नसतं. तेवढं काम आता आपल्याला एकमेकांसाठी करावं लागेल. घरात भरतीची तयारी करणारं कोणी असेल, किंवा पन्नाशीत अचानक जिमला जायला लागलेलं कोणी असेल, तर 'आज किती केलंस?' इतकंच विचारू नका. 'रात्री झोप लागली का, आणि उद्या परत करावंसं वाटतंय का?' हेही विचारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करावंसं वाटेल इतकंच आज करायचं, हा अर्ध्या बळाचा आम्हाला समजलेला अर्थ आहे.

फार बोलण्याबद्दल वाग्भटानं दिलेला इशारा आम्हालाही लागू आहे, म्हणून इथे थांबतो. आपले प्रश्न असतील ते जरूर विचारा.